बाबांना चष्मा हवा, मिशी हवी, पोटही हवं

*ताई,*

*मी डहाणू तालुक्यातली, वारली. मुंबईत अप्लाइड आर्ट शिकले, काही काळ जाहिरातीच्या ऑफिसात काढला आणि आता गावी राहून चित्रांच्या ऑर्डरी घेते. लोक मला त्यांच्या घरातली गोष्ट सांगतात. कुणाच्या आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं झालेली असतात, कुणाचं नवं घर असतं, कुणाचे आजोबा गेलेले असतात. मी ती गोष्ट आमच्या पद्धतीनं काढून देते. काम मिळतंय, पण सध्या तीन गोष्टींनी झोप उडाली आहे.*

*ठाण्याच्या एका गृहस्थांना वडिलांच्या पंच्याहत्तरीला चित्र द्यायचं होतं. वडील एसटीत कंडक्टर होते. चित्र पूर्ण झाल्यावर म्हणाले, "हे बाबा वाटतच नाहीत. चष्मा घाला, मिशी घाला, थोडं पोट काढा." काढलं. मग म्हणाले, "जरा ट्रायबल फील वाढवा, तारपा टाका ना." तारपा म्हणजे आमचं नाचाचं फुंकवाद्य. टाकला. आता कळलं की ते चित्र त्यांनी दोनशे कपांवर छापून पाहुण्यांना वाटलं, कोपऱ्यातलं माझं नाव कापून.*

*पुण्याच्या एका जोडप्याला बेडरूमच्या भिंतीवर आमचा लग्नाचा चौक, म्हणजे लग्नविधीत भिंतीवर काढतात ते चित्र हवंय, मधल्या देवीच्या जागी त्या दोघांचे चेहरे घालून. पैसे चांगले देतायत. माझी काकी धवलेरी आहे, म्हणजे लग्नविधीतली गाणी गाणारी. तिला हे सांगितलं तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही.*

*तिसरी ऑर्डर एका मोठ्या कुटुंबाच्या चित्राची. वडिलांनी सगळ्यांच्या नावांची यादी दिली. मग धाकट्या मुलीचा मेसेज आला: मोठ्या ताईनं जातीबाहेर लग्न केलं म्हणून ती यादीत नाही, तिला कुठेतरी घेता येईल का?*

*दिवसभर दुसऱ्यांच्या गोष्टी काढते आणि आमची काढायची राहूनच जाते, असंही वाटतं. मला "तू" म्हटलंत तरी चालेल.*

*— डहाणूकडची एक*

---

प्रिय डहाणूकडची एक,

चष्मा, मिशी आणि पोट यांपासूनच सुरुवात करते, कारण बाकीच्या भानगडी तिथूनच निघाल्या आहेत असं मला वाटतं.

तुझ्या चित्रातल्या माणसाला डोळे, नाक, ओठ नसतात. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभे असतात, वर एक गोल, हातापायांच्या चार रेघा. हे तुला मी सांगायला नको, पण तुझ्या क्लायंटला कुणीतरी सांगायला हवं होतं आणि ते काम तुझंच होतं. त्या दोन त्रिकोणांची टोकं जिथे टेकतात, तिथून तुमचा माणूस वाकतो, वळतो, नाचतो, ओझं उचलतो. तिथे पोट काढलंस की तो सांधाच बुजतो. मग उरतो एक पांढरा ठोकळा, चष्मा लावलेला. बाबा तर त्यात नाहीतच, वारली चित्रही नाही.

गृहस्थांची तक्रार मात्र खोटी नव्हती. त्यांना चित्रात बाबा दिसले नाहीत, हे खरंच. पण ते दिसायचे कशातून? तुमच्याकडे माणूस ओळखू येतो तो काय करतोय त्यावरून. ताडावर चढलेला वेगळा, जाळं टाकणारा वेगळा, जात्यावर बसलेली वेगळी. म्हणून ऑर्डर घेताना "बाबा दिसायला कसे होते" हा प्रश्नच विचारू नकोस. तो विचारलास की समोरून फोटो येतो, आणि फोटो आला की चष्मा आलाच. विचारायचं ते असं: सकाळी उठल्यावर त्यांचा हात आधी कशाला जायचा? घरात बसायची जागा कोणती? चिडले की काय करायचे? ड्यूटीवरून आल्यावर पिशवी कुठे टाकायचे? मुक्कामाची गाडी असली की गावात रात्री कुठे झोपायचे, टपावर की शाळेच्या ओट्यावर?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं असतं तर तुझं चित्र तिथेच झालं होतं. एसटीच्या माणसांना मुक्कामाच्या गाडीची आठवण विचारून बघ, अर्धा तास थांबत नाहीत. शेवटच्या गावात उभी केलेली गाडी, टपावर अंथरूण, खाली गावातलं कुणीतरी भाकरी घेऊन आलेलं, पहाटेच्या पहिल्या फेरीला दूधवाले आणि शाळेची पोरं. त्यात एक माणूस गळ्यात चामड्याची पिशवी अडकवून, हातात तिकिटांची पेटी आणि पंच घेऊन, एका पायावर तोल सांभाळत उभा. गर्दीत सगळे बसलेले किंवा लोंबकळणारे, आणि हा एकटाच आडवा सरकतोय. आईशपथ, मिशीची गरज कुणाला आहे?

आणि गाडी? ती तुला कशी दिसते? चार चाकांचा चौकोन काढून मोकळी होऊ नकोस. भज्जू श्याम यांचं उदाहरण तुला माहीत असेल. मध्य प्रदेशातल्या पाटणगढचे परधान गोंड आदिवासी चित्रकार. लंडनमध्ये एका रेस्टॉरंटच्या भिंती रंगवायचं काम घेऊन गेले आणि परत आल्यावर ते शहर त्यांनी चित्रांत सांगितलं. 2004 मध्ये त्याचं पुस्तक आलं. त्यात बिग बेनचा मनोरा कोंबडा झाला आहे, कारण वेळ सांगायचं काम दोघांचंही. ज्या 30 नंबरच्या बसनं ते रोज ये-जा करायचे, ती झाली कुत्रा. इमानी, रोज बरोबर घरी आणून सोडणारा. शहर परकं होतं, ते बघणारा डोळा मात्र पाटणगढचाच राहिला, आणि लंडनच्या लोकांनाही त्यात आपलं शहर ओळखू आलं. तुझ्या कंडक्टरची एसटी कोण आहे हे तूच ठरवायचंस. ऑर्डर देणाऱ्यानं पैसे दिलेत ते त्यासाठी. गोष्ट त्याच्याकडे आधीपासून होतीच, नव्हता तो हा डोळा.

याहून मोठं उदाहरण दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकार जोडप्याचं. डॉ. आंबेडकरांच्या आयुष्यावरचं "भीमायन" हे चित्रांतून सांगितलेलं पुस्तक 2011 मध्ये आलं. गोष्ट त्यांची नव्हती, शब्दही दुसऱ्यांनी लिहिलेले, म्हणजे म्हटलं तर ऑर्डरच. कॉमिक्समध्ये पानाचे चौकोनी डबे पाडतात तसे पाडायला या दोघांनी नकार दिला. माणसांना डब्यात कोंबायचं नाही, त्यांना श्वास घ्यायला जागा हवी, असं त्यांचं म्हणणं. मग पानं त्यांच्या दिग्ण्यातल्या, म्हणजे घराच्या भिंती-जमिनीवर काढायच्या नक्षीतल्या, वळणदार रेघांनी विभागली. जहरी बोलणाऱ्याच्या तोंडून निघालेल्या शब्दांच्या फुग्याला विंचवाची नांगी आली, गोड बोलणाऱ्याचे शब्द पक्ष्याच्या आकारात बसले. महाड, बडोदा, चवदार तळं हे सगळं जगाला माहीत असलेलं, तरी ती पानं दुसऱ्या कुणाची असूच शकत नाहीत. त्यांनी नकार दिला तो पानाच्या मांडणीला. गोष्टीला नाही. तुझी सीमारेषा मला साधारण तिथेच दिसते: घडलं काय, कुणाच्या घरात, कुणी कुणाला काय म्हटलं, ते क्लायंट सांगेल. ते कसं दिसेल हे तू सांगशील. बाबा कंडक्टर होते की ड्रायव्हर, यात तू चुकलीस तर निमूट दुरुस्त कर. त्यांना पोट असावं की नसावं, हे मात्र दुरुस्तीत येत नाही.

तारप्याबद्दल थोडं रागावूनच लिहिते. मॉलमधल्या पडद्यावर, कुर्त्यावर, हॉटेलच्या भिंतीवर, जिथे बघावं तिथे तो गोल फिरणारा नाच. भात तयार होण्याच्या दिवसांत रात्र-रात्र चालणाऱ्या नाचाची ही दशा आपण शहरातल्यांनी केली आहे. तारपा वाजवणारा मधे, नाचणाऱ्यांची साखळी त्याच्याभोवती, आणि त्याच्याकडे पाठ करायची नाही. हे ज्यानं पाहिलंय त्याला तो पंच्याहत्तरीच्या चित्रात कोपऱ्यात चिकटवलेला बघवत नाही. तुला तो काढताना काहीतरी टोचलं असणार, नाहीतर पत्रात लिहिलंच नसतंस. पुढच्या वेळी कुणी "तारपा टाका" म्हटलं की विचार, "तुमच्या गोष्टीत नाच कुठे झाला?" कधी खरंच उत्तर येईल. वरातीत बाबा बेभान नाचले होते, गणपतीत लेझीम खेळायचे. मग लेझीम काढ. तुमच्या रेषेत लेझीम काय सुरेख येईल! उत्तर आलं नाही तर तारपा नाही.

आता कप.

इथे एक कायद्याची गोष्ट आहे, आणि ऑर्डरीवर जगणाऱ्या बहुतेक चित्रकारांना ती फटका बसल्यावरच कळते. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं 17 वं कलम म्हणतं की कलाकृतीच्या हक्काचा पहिला मालक ती करणाराच. तू इथपर्यंतच ऐकलेलं असणार. पण त्याच कलमाच्या पोटात अपवाद आहेत. कुणी मोबदला देऊन, सांगून रंगचित्र किंवा व्यक्तिचित्र काढून घेतलं आणि दोघांत वेगळा करार झालेला नसेल, तर हक्काचा पहिला मालक ते काढून घेणारा. म्हणजे तू आणि ठाणेकरांनी काही लिहूनच घेतलं नसेल, तर कप छापायला त्यांना तुझी परवानगी लागत होती असं छातीठोक म्हणता येत नाही. वाईट वाटेल वाचून, पण चुकीच्या आशेवर नोटीस पाठवण्यापेक्षा हे आधी कळलेलं बरं.

नाव कापलं ते मात्र वेगळं. याच कायद्याचं 57 वं कलम चित्रकाराला असा अधिकार देतं जो हक्क दुसऱ्याकडे गेले तरी संपत नाही: हे काम माझं आहे असं सांगण्याचा, आणि आपल्या नावलौकिकाला धक्का लागेल अशी मोडतोड कुणी केली तर ती थांबवण्याचा किंवा भरपाई मागण्याचा. अमरनाथ सहगल यांचं ब्राँझचं भव्य भित्तिशिल्प दिल्लीच्या विज्ञान भवनात होतं. सरकारनंच सांगून करून घेतलेलं. 1979 मध्ये ते काढलं आणि गोदामात टाकलं. सहगल कोर्टात गेले. 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं शिल्पाचे अवशेष त्यांना परत द्यायला लावले आणि पाच लाखांची भरपाईही दिली. सव्वीस वर्षं गेली हेही बघ. दोनशे कपांसाठी तू कोर्टाची पायरी चढावीस असं मी सांगणार नाही. पण गृहस्थांना एक छोटं पत्र जरूर लिही. चित्र माझं आहे, छापताना नाव काढलं गेलं, उरलेल्या कपांसोबत आणि जिथे जिथे फोटो टाकलेत तिथे नाव द्यावं, यापुढे छपाई करायची असेल तर आधी बोलावं. चार ओळी. रडगाणं नको आणि कलमांचा पाऊसही नको. बहुतेक माणसं अशा पत्राला लाजतात, कारण त्यांनी हे दुष्टपणानं केलेलं नसतं. कप छापणाऱ्याला डिझाइन चौकोनात बसवायचं होतं, त्यानं कोपरा कापला, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पुढच्या ऑर्डरीपासून आधी कागद. मेसेजवर गोड बोलणं झालं की त्याच संध्याकाळी एक पान पाठवायचं आणि त्यावर दोघांच्या सह्या. मूळ चित्र तुमचं, ते घरात लावा, कुणाला भेट द्या, नावासकट फोटो टाका. स्वामित्वहक्क मात्र माझ्याकडे. छपाई, विक्री, कप, पत्रिका, कॅलेंडर यांचं बोलणं आणि मानधन वेगळं. आणि कुणाला छपाईचा हक्क दिलास तर किती काळ, कुठे आणि कशावर हे लिही. काळ लिहिला नाही तर कायदा तो पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता. त्याच पानावर बदलांचंही लिही. कच्च्या रेखाटनावर दोनदा बदल, मग निम्मे पैसे जमा, मगच गेरूवर पांढरा. एकदा पांढरी रेघ पडली की खोडरबर चालत नाही, हे क्लायंटला कुणी सांगितलेलंच नसतं. आणि स्क्वेअर फुटाचा भाव विचारणाऱ्याला ऐकण्याचे पैसे आधी सांग. तू दोन तास फोनवर बसून कुणाच्या आजोबांची कहाणी ऐकतेस, ते काम आहे. त्याला फुटपट्टी लागत नाही.

भौगोलिक मानांकनाचं तू विचारलं नाहीस, तरी सांगते. वारली चित्रकलेची ती नोंद झालेली आहे, आणि मूळ कलाकार म्हणून तुला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःचं नाव नोंदवता येतं. नोंदव. त्यानं कुणी त्रिकोण काढायचे थांबणार नाहीत, कारण ते मानांकन नावाचं रक्षण करतं, आकाराचं नाही. पण "अस्सल वारली" असं छापून सुरतेहून येणाऱ्या पडद्यांच्या दुनियेत, तुझ्या चित्राच्या मागे तो कागद असणं बरं.

चौकाबद्दल लिहिताना जरा जपून लिहिते. मी वारली नाही. तुमच्यात काय विकावं आणि काय विकू नये याचा शेवटचा शब्द माझा असू शकत नाही. मला माहीत आहे ते एवढंच की चौक सवाशिणी काढतात, तांदळाच्या पिठानं, गेरूनं सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर. मधे पालघट देवी, शेजारच्या देवचौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या देव. धवलेरी गाते, देवांना बोलावते, आणि हे झाल्याशिवाय लग्न लागत नाही. मग तुझ्या काकींच्या जागी बसून बघ. ज्या देवीला त्या गाऊन बोलावतात, तिला उठवून तिथे पुण्याच्या दोन माणसांना बसवायचंय, आणि तेही बेडरूममध्ये. मी त्यांच्या जागी असते तर नुसती अबोला धरून बसले नसते.

तरी दुसरी बाजूही आहे. चौक कागदावर आला त्याला आता पन्नासहून जास्त वर्षं झाली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी तुमच्या भागात आले, त्यांनी कागद आणि रंग दिले. जिव्या सोमा मशे यांच्यासारखा माणूस लग्नाबिग्नाची वाट न बघता रोज काढायला लागला. त्यांना 1976 मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 2011 मध्ये पद्मश्री. त्यांच्या गंजाड गावाचं नाव परदेशातल्या संग्रहालयांत गेलं. पालघट देवीचे चौकही त्या वाटेनं कागदावर आले, विकले गेले, भिंतींवर लागले. तेव्हा "चौक काढूनच द्यायचा नाही" असा नियम मी बाहेरून सांगणं ढोंग होईल. (एक मात्र मनात येतं. भिंत होती तोवर हे काम बायकांचं होतं. कागद आला, त्यासोबत पैसा आणि प्रवास आला, आणि नावं बहुतेक पुरुषांची झाली. म्हणून तू ऑर्डरी घेतेस हे वाचून मला बरं वाटलं.)

पण चौक काढणं निराळं आणि देवी काढून टाकून तिथे गिऱ्हाईक बसवणं निराळं. या दुसऱ्या प्रकाराला मी सरळ नाही म्हणेन. पैसे कितीही असोत. त्यांना चौकाची चौकट हवी आहे, म्हणजे फोटोफ्रेम. ती बाजारात मिळते.

काकींकडे जाशील तेव्हा "ही ऑर्डर घेऊ का" असं विचारू नकोस. त्यांना हो किंवा नाहीचा शिक्का मारायला लावलंस तर त्या नाहीच म्हणतील, आणि पुढच्या ऑर्डरीच्या वेळी पुन्हा तेच. त्यांना म्हण, "चौकातलं काय काय बाहेर नेता येईल ते मला सांग." त्यांच्या लेखी सूर्य-चंद्र, शिडी, फणी, झाडं, मोर यांत काय लग्नाचं आणि काय नुसतं जगण्याचं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. ते ऐकून घे, लिहून ठेव. तुला पुढची वीस वर्षं ते कामाला येईल, आणि अबोलाही बहुधा तिथेच सुटेल. धवलेरीला बोलतं करायचं तर तिला गाण्याबद्दल विचारावं. रागावलेली बाई गाण्याला नाही म्हणत नाही, असा माझा अनुभव आहे.

पुणेकरांना काय लिहायचं ते देते, हवं तर असंच पाठव:

"चौक हा आमच्या लग्नातला विधी आहे. त्याच्या मधे पालघट देवी असते. तिच्या जागी माणसांचे चेहरे मी काढत नाही. तुमच्या लग्नाची गोष्ट मात्र आनंदानं काढेन. तुम्ही कुठे भेटलात, घरी कुणी सांगितलं, मांडवात कोण रुसलं, पंगतीत काय संपलं, वरातीत पाऊस आला का, हे सगळं मला सांगा. पुढच्या आठवड्यात दोन कच्ची रेखाटनं पाठवते."

यात माफी नाही आणि प्रवचनही नाही. दोन्ही टाळ. माफी मागितलीस तर ते भाव करतील, प्रवचन दिलंस तर रुसतील. मला वाटतं, पंगतीत काय संपलं हे विचारल्यावर ते चेहऱ्यांचं विसरूनच जातील. लग्न झालेल्या माणसाला त्या दिवशीचा गोंधळ सांगायचाच असतो.

तिसऱ्या प्रश्नावर फार लिहीत नाही. उत्तर लहान आहे, अंमलात आणणं कठीण. तुला कुणीतरी सुचवेल की गुपचूप एक पक्षी काढ, झाडाच्या शेंड्यावर, आणि धाकटीला सांग की ती तुझी ताई. करू नकोस. ज्यानं ऑर्डर दिली त्याच्यापासून चित्रात काही लपवलं की त्या चित्राचा पाया खोटा होतो, आणि त्या ताईलाही पक्षी होऊन स्वतःच्याच घराच्या भिंतीवर बसण्यात काय मान? वडिलांना फोन कर आणि कुठल्याही कुटुंबाला विचारशील तोच प्रश्न विचार: "सगळी मुलं आली का यादीत?" धाकटीचं नाव घेऊ नकोस. ते गप्प झाले तर तूही थोडी गप्प राहा. कधी कधी परक्या चित्रकाराच्या साध्या प्रश्नानं घरात जे बोलणं निघतं ते नातेवाइकांच्या मध्यस्थीनं निघत नाही. "आलीत" असं ठामपणे म्हणाले, तर "संपूर्ण कुटुंब" असं चित्र तू करू नकोस. त्यांना दुसरं काहीतरी सुचव: त्यांचं शेत, त्यांचं दुकान, त्यांच्या आईचं घर. तेही नको असेल तर ॲडव्हान्स परत कर. आणि या घराबद्दलची एकही ओळ, रेखाटनाचा एकही फोटो कुठेही टाकू नकोस. लोक तुला जे सांगतात ते त्यांचं आहे. चित्र तुझं असलं तरी.

राहिलं "आमची गोष्ट". जिव्या मशे यांच्याबद्दल सांगतात की लहानपणी आई गेली तेव्हा त्यांनी बोलणंच सोडलं, आणि काय हवं-नको ते धुळीत चित्र काढून सांगायचे. पुढे त्यांनी माशांची जाळी काढली, मुंग्यांची वारुळं काढली, आणि बारीक ठिपक्यांनी अख्खा कागद भरून टाकला. ती कुणाची ऑर्डर नव्हती. तू कंडक्टरची गोष्ट तुमच्या रेषेत सांगतेस तेव्हा त्यात तुमचं काहीच नसतं, असं मी मानत नाही. वर भज्जू श्याम आणि व्यामांचं एवढं सांगितलं ते त्यासाठीच. पण भूक निराळी असते, आणि ती ऑर्डरींनी भागत नाही हेही मला पटतं. तुमच्या पाड्यातल्या मुलींना वसतिगृहात ठेवून शिकवणं, भाताच्या खळ्यावर आलेली धान्यदेवी कणसरी, जमिनीच्या कागदांसाठी तहसीलला घातलेले हेलपाटे, पहिल्यांदा लोकलनं एकटीनं केलेला प्रवास: यातलं काय तुझं आहे ते मला माहीत नाही, पण काहीतरी असेलच, आणि ते कोणी क्लायंट येऊन सांगणार नाही.

तेव्हा वर्षातली एक ऑर्डर स्वतःची धर. बाकीच्यांना लावतेस तेच नियम तिला लाव: तारीख ठरव, आधी कच्ची रेखाटनं, बदल दोनदाच. आणि ॲडव्हान्सही घे. ठाणे-पुण्याच्या प्रत्येक कामातून थोडे थोडे काढून वेगळ्या खात्यात टाकत जा, म्हणजे ते दोन महिने कुणाचा फोन घ्यावा लागणार नाही.